राहिलेली पट्टी

"अगं, तू राहिलीस होय गं?"

पस्तीस वर्षांपूर्वीचा आवाज. बक्षीस समारंभाच्या टेबलावरची शेवटची वहीसुद्धा वाटून झाली होती आणि रांगेच्या टोकाला एक मुलगी हात पुढे करून उभी होती. तिच्या बाईंनी टेबलाखाली डोकावून पाहिलं, खुर्चीवरची उशी उचलून पाहिली आणि अगदी मायेने म्हणाल्या, "बरं, पुढच्या वर्षी हं." पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. ती मुलगी मोठी झाली, शिकली, दुसरीच्या वर्गाची बाई झाली. पण तो पुढे केलेला हात तिने काही अजून मागे घेतला नव्हता.

म्हणून दुसरीच्या वर्गाचा एक नेम होता. शाळेच्या दारातल्या फलकावर, वर्ष संपायच्या आत, वर्गातल्या प्रत्येकाचं नाव एकदा तरी लागलंच पाहिजे. फलकाचे दोन भाग होते. डावीकडे 'झालं', उजवीकडे 'होणार'. 'झालं'खाली पोरांचे पराक्रम: कुणी बाराचा पाढा न अडखळता म्हटला, कुणी लंगडीत पहिला आला, कुणी दात पडला तरी रडलं नाही. 'होणार'खाली सहल, चित्रांचं प्रदर्शन, वार्षिक कार्यक्रम. सगळं पांढऱ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर लिहिलेलं. एका पट्टीवर नाव, दुसरीवर काम. शनिवारी शाळा सुटताना बाई पट्ट्यांची चळत लावून पत्र्याच्या डब्यात ठेवत आणि शिपाईमामा त्या टाचण्यांनी फलकावर लावत.

मामांची पद्धत साधी होती. "मी वाचत बसत नाही," ते सांगत. "वाचणं पोरांचं काम. आपण वरची पट्टी उचलायची, शेजारी दुसरी लावायची. जोडी झाली की पुढची. शेवटची जोडी तेवढी उजवीकडे. वीस वर्षांत एक चूक दाखवा."

त्या शनिवारी वर्षाचा शेवटचा फलक लागायचा होता आणि एकतीस मुलांपैकी दोन उरली होती. एक भोंगा. हा नुसता 'हजर' म्हणाला तरी शेजारच्या वर्गातल्या दोघांची हजेरी लागे. वर्गातल्या बऱ्याच जणांसारखी त्यानेही त्याच आठवड्यात बुटाची नाडी स्वतः बांधून दाखवली होती, त्यामुळे तो सुटला. दुसरी मुंगी.

मुंगीपुढे बाई अडल्या. ही पोर बोलत नसे, धावत नसे, पडतसुद्धा नसे. जमिनीवर काहीतरी सांडलंय आणि आपल्यालाच ते शोधायचंय अशी मान खाली घालून चाले, म्हणून तिचं नाव मुंगी. वर्गात तिच्या बाकाखाली सदा कुजबुज. कसलं तरी गाणं, 'ओढा ओढा' असं काहीतरी. "काय ओढताय रे? वर बघा सगळे!" असं बाई वर्षभर ओरडत आल्या होत्या. वहीची पानं चाळूनही मुंगीच्या नावापुढे लिहावं असं काही सापडेना. शेवटी बाईंनी तिची नावाची पट्टी तेवढी लिहिली आणि चळतीच्या तळाशी, एकटीच ठेवली. कामाची पट्टी सोमवारी सकाळी लिहू, रविवारी काहीतरी सुचेल.

म्हणजे डब्यात वरून खाली शेवटच्या पट्ट्या अशा होत्या: भोंगा, 'स्वतःच्या बुटाची नाडी स्वतः बांधली', मग वार्षिक कार्यक्रमाला येणारे निवृत्त शिक्षणाधिकारी साहेब, 'शुक्रवारचे प्रमुख पाहुणे', आणि तळाशी मुंगी.

बाई हात धुवायला गेल्या तेवढ्यात भोंग्याने डबा उघडला आणि आपल्या नावाची पट्टी दप्तरात घातली. आजीला दाखवायला. सोमवारी परत ठेवणार होता बिचारा.

मामांनी पद्धतीप्रमाणे वरची पट्टी उचलली, शेजारी दुसरी लावली. एक पट्टी जास्त होती, एक कमी झाली होती. बेरीज बरोबर आली. मामांनी डबा रिकामा पाहिला, समाधानाने कुलूप लावलं आणि घरी गेले.

डावीकडे, 'झालं'खाली लागलं होतं: स्वतःच्या बुटाची नाडी स्वतः बांधली, आणि शेजारी साहेबांचं पदवीसकट पूर्ण नाव.

उजवीकडे, 'होणार'खाली: शुक्रवारचे प्रमुख पाहुणे, आणि शेजारी मुंगी.

रविवारी फाटकावरून जाणाऱ्या एका उत्साही बाबांनी फलकाचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. 'मुलांनाच पाहुण्यांचा मान! आपली शाळा काही वेगळीच!' खाली बावन्न अंगठे आणि अकरा जोडलेले हात.

सोमवारी सकाळी बाई पट्टी लिहायला पंधरा मिनिटं लवकर आल्या. पालक वीस मिनिटं लवकर आले होते. बाईंनी फलक वाचला. त्यांनी टाचणीला हात घातला, तोच मागून कुणीतरी तो हातच धरला. मुंगीची आई. गळ्यात शिवणकामाची टेप तशीच लोंबत होती.

"बाई, माझ्या पोरीचं सोनं केलंत हो!"

"अहो, ऐका ना, ते जरा..."

"काही बोलू नका. मला रडू येईल. मला वाटायचं, ही बोलत नाही, हिच्याकडे कोण बघणार? रात्री बसून कापडसुद्धा कापलं. निळं. गिऱ्हाइकाचं उरलेलं नाही हं! माझ्यासाठी जपून ठेवलेलं, कपाटातलं. सगळ्या गल्लीला सांगून आले."

बाईंनी टाचणी होती तशी दाबून बसवली. मुंगी आईच्या मागे उभी होती. नजर अर्थात खाली.

"मामा!" बाई कळवळून म्हणाल्या, "काय केलंत हे?"

मामांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. आयुष्यात प्रथमच फलक वाचला. बराच वेळ वाचला. "लावलंय मात्र सरळ," ते म्हणाले.

मोठ्या बाईंच्या खोलीत फोन वाजत होता. मोठ्या बाई उभ्या राहूनच बोलत होत्या, कारण पलीकडे साहेब होते. हे साहेब नोकरीत असताना एका शाळेतला वाकडा खिळा पाहून पायरीवरूनच परत फिरले होते.

"माझ्या सुनेने मला एक फोटो दाखवला," साहेब म्हणाले. "माझ्या नाडीची बातमी शाळेपर्यंत पोचली कशी?"

"साहेब, ती... ती मोहीम आहे. 'आपलं काम आपण'. मोठ्यांनी आदर्श घालून द्यायचा, म्हणून आपलं नाव सर्वांत आधी."

"आणि ती मुलगी?"

"सहपाहुण्या."

मग साहेब जरा दबक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे बूट घालून यावं लागेल?"

"नाडीचे," मोठ्या बाई ओघात बोलून गेल्या.

थाप ही एकटी कधी राहत नाही, तिला सोबत लागते. दुपारी मोठ्या बाईंच्या अक्षरातली नवी पट्टी 'होणार'खाली लागली: 'साहेब मुलांसमोर नाडी बांधून दाखवतील.' जे झालंच नव्हतं, ते आता होणार होतं.

आठवडाभर बाईंना जेवण गोड लागेना. पोरीला खरं सांगावं तर आईचं निळं कापड आठवे. न सांगावं तर पोर सगळ्यांसमोर खुर्चीवर बसणार आणि कुणीतरी विचारणारच, 'हिने काय केलं?' त्या प्रश्नाला बाईंपाशी उत्तर नव्हतं. गुरुवारी त्यांनी मुंगीला जवळ बोलावलं.

"मुंगे, तुला काही विचारायचंय का गं?"

मुंगीने विचार केला. "पाहुण्यांना बोलावं लागतं?"

"नाही गं. पाहुण्यांनी नुसतं बसायचं असतं."

"मग जमेल," ती म्हणाली आणि मान खाली घालून निघून गेली.

शुक्रवारी सभागृह भरून वाहिलं. व्यासपीठावर दोन खुर्च्या. एकीत साहेब, पाय जमिनीला घट्ट टेकवून. दुसरीत मुंगी, निळ्या झग्यात, पाय अधांतरी. साहेबांच्या पायात काळे, आरशासारखे चकचकीत बूट होते, आणि नाड्या? नाड्या आत खोचलेल्या होत्या. हे फक्त एकाच व्यक्तीने पाहिलं, कारण खाली पाहायची सवय एकीलाच होती.

माईक भोंग्याकडे होता. तशी त्याला गरज नव्हती. "आता साहेब नाडी बांधणार! सगळ्यांनी नीट बघा! मागच्यांनी उभं राहा!"

साहेबांनी खोचलेली नाडी बाहेर काढायला हात खाली नेला. हात गुडघ्यापर्यंत गेला. आणखी जरा गेला. कुठेतरी कड्कन वाजलं. खुर्ची होती की साहेब, कळलं नाही. ते सरळ झाले, घाम पुसला, पुन्हा वाकले, पुन्हा गुडघ्याशीच थांबले. हसायचं की नाही हे न कळून पोरं बाईंकडे बघू लागली. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

मुंगी खुर्चीवरून घसरून खाली उतरली. ती आत गेली आणि पहिलीच्या पोरांचं बुटकं स्टूल फरफटत घेऊन आली.

"वाकायचं नाही," ती साहेबांना म्हणाली. आवाज एवढासा, पण भोंगा माईक घेऊन शेजारीच उभा होता. "पाय वर घ्यायचा."

साहेबांनी पाय स्टुलावर ठेवला. मुंगीने एका बुटाची नाडी सावकाश बांधली, आणि बांधताना गुणगुणली:

आडव्या वाटेखाली ओढा,
काठावरती उभा घोडा,
घोड्याला घालू एकच वेढा,
वेढ्याखालून दुसरा घोडा...

"ओढा रे, ओढा!" सगळी दुसरी एका सुरात ओरडली.

बाई जागच्या जागी खिळल्या. हेच ते बाकाखालचं गाणं.

"आता दुसरा पाय. तुम्ही," मुंगी म्हणाली.

साहेबांनी दुसरा पाय वर घेतला. नाडीचा घोडा दोनदा निसटून पळाला. पोरं गात राहिली. तिसऱ्यांदा वेढा बसला. साहेबांनी नाडी ओढली. फूल जरा वाकडं आलं, पण आलं. वाकडा खिळा न चालणाऱ्या माणसाने ते वाकडं फूल बराच वेळ पाहिलं. मग भोंग्याकडून माईक मागून घेतला.

"बायको गेली त्याला तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "तेव्हापासून मी नाडीचे बूट घातले नव्हते. घरात सांगितलं, चपलाच बऱ्या वाटतात. तुमच्या फलकावर 'झालं' असं लिहिलेलं पाहिलं तेव्हा वाटलं, कुणीतरी माझी थट्टा मांडलीय. यायचं नव्हतं मला. पण... आता ते खरं आहे. काढू नका ती पट्टी."

टाळ्या थांबेनात. त्या थांबल्या त्या भोंग्याच्या आवाजाने. माईक परत मिळताच त्याला अचानक रडू फुटलं होतं.

"बाई! माझी नाडी पण हिनेच शिकवली! मी स्वतः नाही शिकलो! सांगितलं असतं तर माझी पट्टी गेली असती!"

"माझीपण!" तिसऱ्या रांगेतून कुणीतरी उठलं.

"बाई, माझीपण हिनेच!"

"मला तर दोनदा शिकवलं, मी विसरले होते!"

एकेक हात वर होत गेला. बाई मोजू लागल्या. सतरा. सतरा पट्ट्या त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या. 'स्वतः बांधली, स्वतः बांधली, स्वतः बांधली.' वर्षभर त्या पोरीला वर बघ, वर बघ म्हणत राहिल्या, आणि ती बघत होती तिथे आपण एकदाही वाकून पाहिलं नाही.

मुंगीची आई पुढच्या रांगेत टेपनेच डोळे पुसत होती.

कार्यक्रम संपला, खुर्च्या आवरल्या गेल्या. बाई फलकापाशी आल्या तेव्हा मुंगी तिथेच उभी होती. झगा चुरगळू नये म्हणून दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. बाई तिच्यापुढे खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. एवढ्या खालून शाळा त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. इथून नुसते बूट दिसत होते, आणि प्रत्येक बुटावर एकेक फूल.

"मुंगे," बाई म्हणाल्या. "तुला एक सांगायचं राहिलंय. तुला पाहुणी कुणी केलं नव्हतं गं. पट्ट्या चुकल्या. तुझ्या नावापुढे लिहायला मला काही सापडलंच नव्हतं. तुझ्या कामाची पट्टी मी लिहिलीच नव्हती."

पोर रडेल म्हणून त्यांनी हात पुढे केला. पस्तीस वर्षांपूर्वीचाच तो हात.

मुंगीने तो धरला. आणि वर्षभरात पहिल्यांदा तिने मान वर करून बाईंकडे सरळ पाहिलं.

"मला सोमवारीच कळलं होतं, बाई. भोंग्याच्या दप्तरात त्याची पट्टी दिसली," ती म्हणाली. "पण तोवर आईने कापड कापलं होतं."