मामा आणि आमचा स्विमिंग पूल

वसंतमामा पाण्याला हात लावत नाहीत, कोपर लावतात. पूलच्या काठावर उकिडवे बसतात, बाही वर सारतात, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी पाहावं तसं उजवं कोपर पाण्यात बुडवतात आणि डोळे मिटतात. मग डोळे न उघडताच आकडा सांगतात. "छत्तीस. खलास." मी थर्मामीटर टाकून पाहिलंय. फार तर अर्ध्या अंशाचा फरक पडतो, आणि तोही मामांच्या मते थर्मामीटरचाच असतो.

हे माझ्या बायकोचे, मंजिरीचे, सख्खे मामा. कुडाळहून तेविसाव्या वर्षी पंप फिटर म्हणून इकडे आखातात आले. आता साठीला टेकलेत, तरी दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला एका वर्कशॉपच्या मागच्या खोलीत एकटेच राहतात. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की "पंपातून सवड कुठे मिळाली?" म्हणतात. मंजिरीचे वडील लवकर गेले, तेव्हा तिला शिकवलं ते मामांनी. आज ती आणि मी जे काही मिरवतो, त्यातला तिचा वाटा मामांच्या घामाचा आहे. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून तर पुढचं सांगताना जीभ अडखळते.

मामांना पंप म्हणजे गोठ्यातलं जनावर वाटतं. "त्याला दम लागलाय," असं म्हणून ते पंपाच्या अंगावर हात ठेवतात. कोणाच्या लग्नाला हॉटेलात गेले तर नवरा-नवरीच्या आधी तिथल्या पंपरूमला भेटून येतात. एकदा आम्ही सगळे मॉलमध्ये गेलो होतो. मामांनी तिथल्या कारंज्यात कोपर घातलं. सिक्युरिटीवाला धावत आला, "अंकल, नॉट अलाउड!"

"क्लोरीन कम है," मामा म्हणाले. "मॅनेजर को बोलो."

मी दहा पावलं लांब उभा राहून बुटांच्या दुकानाची काच पाहत होतो. मला बूट घ्यायचे नव्हते.

दुबईतल्या करामा भागातल्या फ्लॅटमध्ये पंधरा वर्षं काढून आम्ही शहराच्या टोकाला व्हिला घेतला, आणि त्याच्या मागे आयता पूल होता. त्याची मशिनरी मात्र मोडीत काढण्याच्या लायकीची. मी एक्सेल शीट उघडलं. इंटरनेटवर शेकडो रिव्ह्यू वाचले आणि पाण्यावर अंथरायची निळी, बुडबुड्यांची सोलर चादर पसंत केली. पाणी उडून जात नाही, धूळ पडत नाही, फोटोत छान दिसते.

मामांनी शीट चष्मा वर-खाली करत वाचलं. "जावईबापू, ही गार मुलखातली चादर. तिकडे लोक पाणी तापवायला रडतात. आपल्याला निववायचंय. चिलर घ्या. फिल्टर वाळूचा घ्या, इथल्या धुळीत तोच टिकतो. आणि पंपावर छप्पर घाला. माणूस उन्हात उभा राहील, पंप बिचारा राहणार नाही."

चिलर बारा हजार दिरहम. "म्हणजे पावणेतीन लाख!" मी मोठ्याने म्हणालो आणि चादर मागवली. खरी गोष्ट पैशांची नव्हती. एमबीए झालेल्या माणसाने पंप फिटरचं ऐकायचं, हे मला जड जात होतं.

जून उजाडला आणि पूलमध्ये चहापत्ती टाकायचीच काय ती बाकी राहिली. "बाबा, इट्स सूप!" म्हणत आमची इरा किंचाळत बाहेर आली. मामांनी कोपर घातलं. "चाळीस." बस्स, एवढंच. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचे चार रविवार मामा बसा बदलत आले. चिलरच्या आतल्या नळीवरून दुकानदाराशी फोनवर भांडले, "हबीबी, टायटॅनियम का देना, तांबा नहीं चलेगा, क्लोरीन उसको खा जाएगा!" चिलर बसवला, वाळूचा फिल्टर जोडला, पंपाला हवा खेळेल असं लाकडी पट्ट्यांचं छप्पर केलं. इरा त्यांच्या मागे मागे पाने-पक्कड घेऊन फिरत होती. पाचव्या रविवारी पाणी तिशीवर आलं.

मग मी पार्टी ठेवली. जुमेरा लेक टॉवर्समधलं आमचं सगळं ऑफिस आलं. भर जुलैच्या दुपारी गार पाण्यात उतरून लोक अक्षरशः हसत सुटले. माझे बॉस मेनन सर गळाभर पाण्यात उभे राहून म्हणाले, "समीर, व्हॉट अ सिलेक्शन!" मी मान तुकवून ते कौतुक खिशात घातलं.

तेवढ्यात मागच्या फाटकातून मामा आले. मंजिरीने बोलावलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. कोणाला काही कळायच्या आत ते काठावर उकिडवे बसले, बाही सारली आणि कोपर पाण्यात घातलं. पाण्यातली माणसं पाहतच राहिली.

"हू इज ही?" मेनन सरांनी विचारलं.

"पूलवाला, सर. मेंटेनन्स," मी म्हणालो.

अडखळलो नाही, विचार करावा लागला नाही. मामा दोन हातांवर होते. एवढं इंग्रजी त्यांना नक्कीच कळतं. त्यांनी कोपर बाहेर काढलं, पुसलं, बाही खाली करून बटण लावलं आणि उठले.

"साहब, फिल्टर देखके आता हूँ," ते मला म्हणाले. माझ्याशी ते त्याआधी कधीही हिंदीत बोलले नव्हते.

मंजिरी आणि इरा आत पानं घेत होत्या. मामा पंपामागे गेले ते अर्धा तास तिथेच होते. मी एकदाही तिकडे गेलो नाही. नंतर फाटकाचा आवाज आला. रात्री मंजिरीने फोन केला तेव्हा मामांनी सांगितलं, पोट बरं नव्हतं, म्हणून न जेवताच निघालो. मी शेजारीच बसून ऐकत होतो.

मेनन सरांनी पार्टीतून निघताना माझ्याकडून मामांचा नंबर मागून घेतला होता. दोन आठवड्यांनी ते मला लिफ्टमध्ये भेटले. "समीर, तुम्हारा वो आदमी हीरा है, मेरा पूल भी ठीक कर गया. मैंने पूछा, तुम भी मराठी, समीर भी मराठी, रिश्तेदार हो क्या? बोला, नहीं सर, मैं खाली पंप देखता हूँ. लेकिन बोला, साहब के घर में बहुत इज्जत है, खाना खिलाए बिना कभी भेजते नहीं."

"येस सर," मी म्हणालो. मामांना दुसऱ्यांदा नाकारलं.

पार्किंगमध्ये गाडीत बसलो, पण गाडी सुरू करवेना. शेवटी मामांना फोन लावला. माफी कशी मागायची ते मनात जुळवलं होतं, पण तोंडातून वेगळंच आलं. "मामा, त्या दिवशी न जेवता का गेलात?"

पलीकडे कुठलातरी पंप घरघरत होता. मामांनी तो बंद केला.

"आत जेवायला आलो असतो, जावईबापू, तर इरा सगळ्यांसमोर 'मामाआजोबा' म्हणून गळ्यात पडली असती," ते म्हणाले. "मग तुम्ही काय सांगितलं असतं?"