मधल्या फळीतली दिलगिरी

सामना हरल्यावर संघातल्या कोणीतरी एकाने माइकसमोर बसून लोकांची माफी मागायची, ही त्या फुटबॉल मंडळाची जुनी आणि शिस्तीची पद्धत होती. कोणी बसायचं हे आधी ठरवत नसत, कारण तसं ठरवणं म्हणजे हरायचा बेतच केल्यासारखं दिसलं असतं. त्यामुळे शेवटची शिट्टी वाजली की ड्रेसिंग रूममध्ये विलक्षण चपळाई दिसे. अख्खा सामना पाय ओढत फिरलेले गडी अशा वेगाने अंघोळीला पळत की प्रशिक्षकाला भरून यायचं. गोलरक्षक संडासात जाऊन कडी लावून घ्यायचा. आघाडीचे दोघे एकमेकांच्या मांडीला बर्फ लावत बसायचे आणि दुखत दोघांचंही काही नसायचं.

त्या दिवशी मधल्या फळीतला एक खेळाडू बुटाची नाडी सोडवत राहिला. नाडीला गाठ बसली होती, बाकी काही नाही. त्याला सगळे मधला म्हणत. मैदानात तो मध्ये खेळायचा आणि घरीही तीन भावांत मधलाच होता. थोरल्याने काच फोडली की "तू बघत काय होतास?" म्हणून याला धपाटा, धाकट्याने फोडली की "तूच शिकवलं असशील" म्हणून पुन्हा यालाच. प्रशिक्षकाने वळून पाहिलं तर खोलीत हा एकटा. "चल बाबा, आज तू," प्रशिक्षक म्हणाला. एका पायात बूट आणि दुसऱ्यात ओला मोजा अशा थाटात मधला माइकसमोर जाऊन बसला.

खरं म्हणजे त्या दिवशी कोणी धड खेळलं असेल तर तोच. पण माइकसमोर खरं बोलायचं नसतं एवढं त्याला कळत होतं. "चुकलं आमचं," तो म्हणाला. "तुम्ही सुट्टीचा दिवस घालवून आलात, घसा फोडून ओरडलात, आणि आम्ही तुमच्या तोंडाला पानं पुसली. माझंच लक्ष नव्हतं." एवढ्यात ओल्या मोज्यापायी त्याला शिंक आली. चारचौघांत शिंकायचं कसं म्हणून ती त्याने दाबली. मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर ती दाबलेली शिंक हुबेहूब हुंदक्यासारखी दिसली.

झालं! मघाशी बाटल्या फेकणारे लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. एका गृहस्थाने फेकलेली बाटली खाली उतरून स्वतःच उचलली म्हणतात. गॅलरीत लोक एकमेकांना सांगत होते, "हरले तर हरले, पण पोरगं किती मोठ्या मनाचं आहे बघा!"

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या जनसंपर्कवाल्या बाई अध्यक्षांच्या खोलीत शिरल्या त्या जवळजवळ नाचतच. अध्यक्ष सिमेंटचे मोठे व्यापारी होते, फुटबॉल त्यांना फक्त गोल असतो एवढाच माहीत होता. "साहेब," बाई म्हणाल्या, "काल आपण सपाटून मार खाल्ला आणि आज लोक म्हणताहेत या संघाला काळीज आहे. जिंकल्यावर असं कधी कोणी म्हटलं होतं?" अध्यक्षांनी विचार केला. जिंकायला चांगले खेळाडू लागतात, चांगल्या खेळाडूंना पैसे लागतात. हरायला तसं काहीच लागत नाही. त्यांनी मधल्याला बोलावून घेतलं.

"उद्यापासून तू खेळायचं नाहीस," अध्यक्ष म्हणाले.

मधल्याने हात जोडले. "माझं काय चुकलं, साहेब?"

"हाच! हाच आवाज!" बाई खुर्चीतून उठल्या. "ऐकलंत ना साहेब?"

"अरे, खेळताना नाकावर चेंडू बसला, तोंड सुजलं, तर माफी कोण मागणार?" अध्यक्ष म्हणाले. "गोलरक्षक? तो माफी मागायला लागला की लोकांना वाटतं दम देतोय."

"पण जो खेळलाच नाही त्याने हरल्याची माफी कशी मागायची?"

"त्यातच तर मोठेपणा आहे," अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले. "स्वतःच्या चुकीची माफी काय, कोणीही मागेल."

आता इथे एक गोष्ट सरळ सांगून टाकतो. मधल्याला खेळायचं होतं. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. चेंडू पायाशी आला की मान वर करायची आणि कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या जागेत तो सोडून द्यायचा, यातलं सुख त्याला दुसऱ्या कशातच मिळत नव्हतं. आणि मधल्या फळीत सारखं धावावं लागतं. गुडघे आणखी किती वर्षं साथ देणार? त्याचे बाबा कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झालेले, प्रत्येक सामन्याला पूर्वेच्या गॅलरीत वरच्या रांगेत येऊन बसायचे. मुलगा राखीव बाकावर बसायला लागला तरी त्यांनी येणं सोडलं नाही. घरी कोणी विचारलं तर म्हणायचे, "बसण्याची ढब छान आहे त्याची."

मंडळ कामाला लागलं ते मात्र मनापासून. संघाला गोल मारायला शिकवणारा माणूस वर्षभर नव्हता, माफीसाठी मात्र तीन शिक्षक नेमले गेले. एकाने आवाज बसवला. दुसऱ्याने मान किती खाली घालायची ते शिकवलं. फार घातली तर माणूस झोपल्यासारखा दिसतो. तिसऱ्या बाई नाटकातल्या होत्या. त्यांनी हुंदका सुधारला, कारण शिंक काही रोज वेळेवर येत नाही. मधला खेळत नसल्यामुळे त्याला घाम येत नसे, म्हणून सामना संपता संपता मैदानाचा माळी कुंड्यांवर पाणी मारायचा फवारा घेऊन यायचा, त्याच्या कपाळावर दोन फवारे मारायचा आणि गुडघ्यांना थोडा चिखल लावायचा. माळी आपल्या कामात चोख होता. पावसाळी सामन्याला तो चिखल पातळ करून आणायचा.

संघ हरत गेला आणि लोक वाढत गेले. तिकीट मिळेना. लोक मध्यंतरानंतर यायला लागले, कारण पहायचं ते शेवटी असे. कधी चुकून सामना बरोबरीत सुटण्याची लक्षणं दिसली की गॅलरीत चुळबुळ सुरू व्हायची. मग बचावफळीतला एखादा समजूतदार गडी बाजूला सरकायचा आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा.

खेळात खेळाडू उसना देण्याची पद्धत आहेच. त्यामुळे पाणीपुरवठा खात्याने मंडळाकडे मधल्याची मागणी केली तेव्हा कोणाला काही वावगं वाटलं नाही. आठवडाभर नळाला पाणी नव्हतं. मधला संघाचा शर्ट घालून, गुडघ्याला चिखल लावून पडद्यावर आला आणि म्हणाला, "चुकलं आमचं." लोकांनी कोरड्या बादल्या बाजूला ठेवून डोळे पुसले. मग परीक्षा मंडळाने नेलं, निकालात गोंधळ झाला होता. मग एका दवाखान्याने नेलं, तिथे डाव्याऐवजी उजवा पाय कापला होता. तो पेशंट मधल्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "जाऊ द्या हो, तुम्ही तरी किती सोसायचं!" वर्षअखेरीला मधल्याला हंगामातला सर्वोत्तम मधल्या फळीतला खेळाडू म्हणून करंडक मिळाला. त्या दाबलेल्या शिंकेनंतर त्याच्या पायाला एकदाही चेंडू लागला नव्हता.

घरी मात्र पंचाईत झाली. मुलीला शाळेतून आणायचं विसरला म्हणून तो बायकोला "चुकलं माझं" म्हणाला, आणि ओठ आपोआप थरथरला.

"हा चेहरा इथे काढायचा नाही," बायको म्हणाली. "हा मी पाणी गेलं तेव्हा टीव्हीवर पाहिलाय. दुसरा असेल तर दाखव."

"अगं, मी खरंच सांगतोय."

"तेव्हाही खरंच सांगत होतास."

मधला न्हाणीघरात गेला, आरशासमोर उभा राहिला आणि दुसरा चेहरा शोधत बसला. बराच वेळ शोधला. तिथे तोच एक होता. त्याला स्वतःची भयंकर भीती वाटली. बाहेर येऊन तो गुमान जेवला आणि हात धुता धुता त्याने ठरवलं की काय वाट्टेल ते होवो, एकदा तरी खेळायचंच.

संधी आली ती अशी. पुढच्याच सामन्यात लोक सामन्याअखेरच्या माफीला उभे राहिले असताना पूर्वेच्या गॅलरीच्या पायऱ्या खचल्या. पायऱ्या नव्याच होत्या, सिमेंट अध्यक्षांच्याच गोदामातलं. कोणी दगावलं नाही हे नशीब, पण बरीच माणसं जायबंदी झाली. वरच्या रांगेतल्या बाबांचा पाय मांडीपासून मोडला.

मंडळाची बैठक तातडीने बसली. पायऱ्यांचं काय करायचं हा विषय पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला, कारण त्याआधी माफीची वेळ ठरवणं गरजेचं होतं. दवाखान्यातच करू, बाई म्हणाल्या, बाबांच्याच खाटेजवळ. जखमी बाप आणि क्षमा मागणारा लेक. "साहेब, असा योग पुन्हा येणार नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खरोखर रुमाल काढला.

"मी करीन," मधला म्हणाला. "पण एक सामना खेळणार. पूर्ण."

अध्यक्षांनी प्रशिक्षकाकडे पाहिलं, प्रशिक्षकाने छताकडे. "बरं," अध्यक्ष म्हणाले. "एकच."

दवाखान्यात दिवे लागले, कॅमेरे लागले, माळी फवारा घेऊन आला. बाबांचा पाय वर टांगलेला. मधला खाटेजवळ बसला आणि त्याने मान नेमकी हवी तेवढी खाली घातली.

"तू कशाला माफी मागतोस?" बाबा म्हणाले. "पायऱ्या तू बांधल्यास का?"

"नाही, बाबा."

"मग?"

"मला खेळायला मिळणार आहे," मधला हळूच म्हणाला.

बाबांनी त्याच्या ओल्या कपाळावरून हात फिरवला, हाताला लागलेलं पाणी चादरीला पुसलं आणि म्हणाले, "मग माग."

एवढा भाग प्रसारणातून कापण्यात आला. उरलेलं बघून घरोघरी लोक ढसाढसा रडले. पायऱ्या कोणी बांधल्या, हे विचारायचं त्या रडण्यात राहून गेलं.

ठरल्याप्रमाणे मधला खेळला. पहिला अर्धा तास त्याचे हाल कुत्रा खाईना. दम लागला, पोटरी आखडली, दोनदा चेंडू समोरच्याच्या पायात दिला. बाबा चाकाच्या खुर्चीत मैदानाच्या कडेला होते. "मान वर कर रे!" ते ओरडले. मधल्याने मान वर केली. आणि मग काय विचारता! चेंडू त्याच्या पायाशी यायला लागला आणि तिथून कुठे जातोय हे समोरच्या संघाला कळेपर्यंत तो पोचलेला असायचा. आघाडीच्या दोघांना पायाशी इतका सोपा चेंडू कधी मिळालाच नव्हता. गोल मारल्यावर ते गोंधळून पंचांकडे बघायला लागले, की आमचं काही चुकलं का? संघ जिंकला. बाबा खुर्चीतून उठायला गेले, पाय आठवला, आणि बसल्या बसल्याच हातवारे करत राहिले.

गॅलरी मात्र गप्प होती. लोक जागचे हलले नाहीत. रुमाल हातात घेऊन बसले होते. घामाने निथळणारा मधला माइकसमोर आला तेव्हा माळी सवयीने फवारा घेऊन पुढे झाला आणि कपाळ बघून ओशाळून मागे फिरला.

"आज माफी मागण्यासारखं काही नाही," मधला म्हणाला. "आज आम्ही चांगलं खेळलो. फक्त एक विचारायचंय. पूर्वेच्या पायऱ्या अजून तशाच आहेत. त्या खचल्या कशा आणि दुरुस्त कोण करणार? तुम्हीही विचारा. तुम्हीच बसता तिथे."

मग पूर्वेच्या गॅलरीतूनच, त्या मोडक्या पायऱ्यांशेजारून, पहिली बाटली आली. "एक सामना काय जिंकला, माज बघा!" "बोलायची पद्धत आहे का ही?" एक बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "आम्ही इतक्या लांबून आलो, आणि हा आम्हालाच प्रश्न विचारतो!" बाबा खुर्चीतून ओरडत होते, "अरे, बरोबर विचारतोय तो!" पण त्यांचा आवाज टाळ्यांची सवय झालेल्या लोकांत कुठे पोचणार? मधल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हे अगदी खरं होतं. पण मोठा पडदा तोवर बंद करण्यात आला होता.

आठवड्याच्या आत मंडळाने त्याला मोकळं केलं. त्याच्या जागी मधल्या फळीत एक नवा खेळाडू घेतला आहे. त्याला चेंडू अडवता येत नाही, पण कांद्याशिवाय रडता येतं. पहिल्याच माफीत त्याने मधल्याच्या उद्धट वर्तनाबद्दल क्षमा मागितली आणि पूर्वेच्या गॅलरीतली सगळी माणसं टाळ्यांसाठी एकदम उभी राहिली. पायऱ्या थोड्या हलल्या.

आणि वाचक हो, मधल्याची ही हकीकत वाचून तुम्हालाही वाईट वाटलं असेल, मन हळहळलं असेल, कदाचित डोळेही थोडे पाणावले असतील. मंडळ तुमचं आभारी आहे. तुमच्याकडून मंडळाला तेवढंच हवं असतं.