लाल ओळींवरचा टॉवेल

अहो नाना, टॉवेल नका टाकू, आधी बघा तरी, असं मी ओरडतेय तोवर नानांनी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलाच. लाल ओळी आल्या की ते स्क्रीन झाकतात. म्हणे, "त्याले लाज वाटस." इथं माझ्या कडेवर माझी पिंकी रडतेय, आणि हे लाज झाकताहेत!

चूक माझीच. सकाळी कॉम्प्युटरनं विचारलं, नवीन व्हर्जन टाकू का? मोबाईलवर आपण दाबतोच ना, तसं 'हो' दाबलं. बघते तर सगळं लाल. चार वाजता रावेरच्या केळी व्यापाऱ्याला नवा प्रोग्राम पाठवायचा, त्याच्या गाड्या वजनकाट्यावर उभ्या. मी धरणगावची, नववी शिकलेली. हे काम गेलं तर पोरीला कडेवर घेऊन टाईप करू देणारं दुसरं कोण भेटणार?

नाना धुळ्याच्या कॉलेजात शिकवून रिटायर झालेले. इथं जळगावला आमच्याच वरच्या मजल्यावर एकटे राहतात, केळीच्या वजनाचे प्रोग्राम बनवतात. बारीक अक्षर दिसत नाही म्हणून टाईप मी करते. प्रोग्राम नीट चालतो का बघायला छोट्या छोट्या चाचण्या असतात. घडाच्या दांड्याचं वजन वजा झालं का, गाडीचा नंबर आला का. बरोबर तर हिरवी ओळ, नाही तर लाल. या चाचण्या घेणारी जी तयार लायब्ररी, ती नानांनी किती वर्षं बदललेलीच नाही. बदला म्हटलं की एकच, "दुखस का त्याले? मंग हात कशाले लावस?"

"आता दुखतंय ना, नाना!"

"प्रोग्राम चांगला शे व. मशीन नवी व्हई गई, तपासनारा म्हाताराच. त्याले काही समजत नही."

मग नवी लायब्ररी टाकली. मला वाटलं, सुटले. कुठलं! नवीला जुन्या पद्धतीनं लिहिलेलं चालेना, एकेक चाचणी बदलायची. त्यात नाना प्रत्येक एरर मला मोठ्यानं वाचायला लावणार, कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहिणार, चहा घेणार, मग टॉवेल काढून त्या चाचणीलाच म्हणणार, "आते बोल." हिरवी झाली की शाब्बास. पुढची लाल आली की परत टॉवेल.

"नाना, सगळ्या एकदम बदलू ना!"

"बठ्ठा पोरं एकदम न्हाऊ घालतस का व तू?"

मला एकच आहे हो, आणि तीच आवरत नाही!

पावणेचारला एकच लाल उरली. नानांनी तिच्यावर टॉवेल टाकला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी टॉवेल उचलला. चाचणीचं नाव होतं, 'नाना आज जेवले का'.

ही वैशालीची, त्यांच्या मुलीची. लग्न होऊन बंगलोरला जायच्या आधी तिनं घातलेली. जेवले की नानांनी एका फाईलीत तारीख लिहायची. तारीख नसेल तर लाल, आणि लाल असेल तोवर प्रोग्राम पुढं जात नाही.

"ही पण लायब्ररीमुळेच का?"

"नही. ही तर बठ्ठासनी आधी नीट करी. तिना एक शब्द हालू दिधा नही. मोडी जाई म्हनीसन तर इतला वरीस लायब्ररीले हात लावत नव्हतु."

"मग लाल का?"

नानांनी रिकाम्या कपाकडे बोट दाखवलं. सकाळपासून पोटात नुसता चहा. तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन.

"नाना, लिहा ना तारीख पटकन!"

"तिले खोटं कसं सांगू व?"

"ती बघते का?"

"कोन बघस," नाना म्हणाले, आणि टॉवेलची घडी घालत बसले.

ती ओळ मला पुसता येत होती, बोट बटणावरच होतं. फोन थांबेना, पिंकी थांबेना. मी फोन पालथा घातला, पिंकीला नानांच्या मांडीवर टाकलं, पळत खाली जाऊन भरीत आणि कळण्याची भाकर आणली. म्हटलं, खा लवकर! तर हे लवकर खातील? एक घास स्वतःला, एक चुरा पिंकीला, वर म्हणतात, मीठ कमी शे.

चार वीसला तारीख पडली, हिरवं झालं, प्रोग्राम गेला. व्यापारी मला काय काय बोलला ते लिहीत नाही. उद्या काम राहतं का नाही, तेही माहीत नाही. तुम्हीच सांगा, तुम्ही असता तर पुसली असती का ती ओळ?