नलूमावशींचं जपानी

आमच्या कर्जतमध्ये जपानी समजणारी एकच बाई होती, आणि तिला जपानीतला एक शब्दही येत नव्हता.

नलूमावशी माझ्या शेजारी राहतात. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर त्या दुपारी ओसरीवर टॅब घेऊन बसू लागल्या. त्यात एक जपानी कार्टूनची मालिका होती. समोर डाळ निवडत बसलेल्या शेजारच्या चार बायका. मावशी आवाज बारीक करायच्या आणि सगळ्या पात्रांचं स्वतःच बोलायच्या.

मालिका विचित्रच होती. शाळेत जाणारी एक मुलगी. ती चिडली की तिच्या घराला पाय फुटायचे आणि घर चालायला लागायचं. आत आई भाजी परतत असायची. भूगोल शिकवायला एक मासा यायचा, टाय लावून. घरातल्या फ्रिजचा त्या मुलीवर जीव जडला होता. तो रडला की बर्फाचे खडे पडायचे. मावशींना यातलं काहीच वावगं वाटत नसे. फ्रिजला त्या जावई म्हणत. "लई गुणाचा हाय. कितीबी तापला तरी आतून थंडच."

मासा तोंडाची उघडझाप करू लागला की मावशी घोगऱ्या आवाजात म्हणायच्या, "तुमच्या पोरीचं वर्गात ध्यान न्हाई." आणि लगेच आईच्या आवाजात, "घरात तरी कुठं हाय, गुरुजी?"

मी एकदा विचारलं, "मावशी, ते खरंच असं म्हणतात का?"

"मग काय म्हणत असतील? आई हाय ती. आया सगळीकडं हेच बोलत्यात."

टॅब सारिकाचा, मावशींच्या एकुलत्या एक मुलीचा. वडील ती लहान असतानाच गेले. गेल्या वर्षी तिला सुप्याला, एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी लागली आणि तिनं तिथंच खोली घेतली. मावशींनी तर गावातच स्थळ बघून ठेवलं होतं. निघताना दोघींचं असं भांडण झालं की टॅब घरीच राहिला आणि मावशींनी लेकीचा फोन उचलणं सोडलं. सारिका मग मला फोन करायची.

"दादा, आई जेवती का नीट?"

"जेवते. जेवून माशाशी भांडते."

ती हसायची, आणि परत तेच विचारायची.

शेवटचा भाग लागला तो रविवार होता, म्हणून मीही ओसरीवर होतो. मालिकेत त्या घराच्या पाण्याच्या टाकीशेजारी मुलीला दूर न्यायला अंतराळयान उतरलं होतं. मुलगी पिशवी खांद्याला लावून निघाली. मावशींनी आईचा आवाज लावला, "खबरदार पाऊल टाकशील तर. मी मेले तुला."

पडद्यावर धूळ बसली होती, म्हणून डाळ निवडणाऱ्यांतल्या रुखसानाभाभींनी पदरानं काच पुसली. बोट कुठं लागलं कोण जाणे, टॅब हिंदीत बोलायला लागला. आणि तेही चांगलं मोठ्यानं.

पडद्यावरची आई लेकीला विचारत होती, तिकडे थंडी फार असेल, स्वेटर घेतलास ना? मुलगी हो म्हणाली. यान गेलं. आईनं आत जाऊन दोन ताटं मांडली, आणि थोड्या वेळानं त्यातलं एक उचलून ठेवलं.

"परत जपानी करते, मावशी," भाभी म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे."

बायका डाळीची सुपं उचलून आपापल्या घरी गेल्या. मावशी टॅब मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "सारिकाला फोन लाव. तुझ्याच फोनवरनं. माझा नंबर बघून घाबरंल ती."

मी लावून दिला. पलीकडून सारिका "दादा? काय झालं, दादा?" विचारत होती. मावशींनी फोन दोन्ही हातांनी कानाला लावला.

"मी हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या खोलीत सकाळचं ऊन येतं का गं?"

तिकडून बरंच काही बोललं गेलं. मावशी खांबाला टेकून ऐकत होत्या.

"बरं, येते मी," त्या म्हणाल्या. "न्हाई, न्यायला न्हाई. बघायला."