कार्डावरची अंगठी

मला फसवणारा अजून जन्माला यायचाय, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असते. पडद्यांचं दुकान आहे आमचं. कापड चिमटीत धरलं की ते धुतल्यावर किती आटेल ते मी सांगते. माणसाचंही तसंच. शाळेत मी फार टिकले नाही. मला बाईंचा कंटाळा आला की बाईंना माझा, ते आता आठवत नाही. पण दुकान चालवते मी, घर चालवते मी, आणि घरातल्या प्रत्येक कागदावर फोन नंबर असतो तो माझा. गॅसवाला, वीजवाला, दवाखाना, बँक, सगळे मलाच फोन करतात. दोन्ही मुलगे कमावते झाले तरी हा नियम मी मोडू दिलेला नाही. मुलांचं काय, फोन वाजला तरी नुसती बघत बसतात!

म्हणून धाकट्यानं आयुष्यातलं पहिलं क्रेडिट कार्ड घेतलं तेव्हा तिथेही माझाच नंबर लागला. उधारीचं कार्ड हवंय कशाला, म्हणून मी त्याचं डोकं खाल्लं. पण तो इतका खूश होता की कार्ड पाकिटातून काढून शर्टाला पुसायचा आणि पुन्हा ठेवायचा. वापरायचा मात्र नाही. म्हटलं, पुसू दे. पुसायला व्याज पडत नाही.

त्यानंच मला समोर बसवून शिकवलं होतं. कार्डावर काही घेतलं की तुझ्या फोनवर आकडे येतील, ते कोणालाही सांगायचे नाहीत. चोर गोड बोलतात, अनोळखी नंबरावरून फोन करतात, ओळखीचा आवाज काढतात. मी विचारलं, आणि तूच मागितलेस तर? त्यावर काय म्हणाला माहितीये?

"मी मागितले तरी लगेच द्यायचे नाहीत. आधी खात्री करायची."

आता पुढे जे झालं त्यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

परवा दुपारी मी टेबलावर कापड बेतत होते आणि माझी सून, म्हणजे मोठ्याची बायको, मशीनवर झालर शिवत होती. फोन किणकिणला. अक्षरं मी चाचपडत वाचते, पण आकडे घडाघडा. एक तो गुप्त आकडा होता आणि त्याच्याखाली रक्कम. ती रक्कम बघून माझी कात्री कापडातच राहिली. एवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन आला. हात अडकलेले, म्हणून मी आवाज मोठा करून तो टेबलावरच ठेवला.

"आई, मी बोलतोय. आत्ता आलेले आकडे सांग ना. पटकन."

रजईत तोंड घालून बोलावं तसा आवाज. आमचा धाकटा असा बोलतच नाही. तो बोलायला लागला की शेजारचं मांजर उठून जातं. मी विचारलं, मी म्हणजे कोण? म्हणाला, तुझा मुलगा. कितवा? धाकटा. वा! चोर अभ्यास करून आला होता.

मग मी खात्री करायला घेतली. लहानपणी कशाला भ्यायचास? कुकरच्या शिट्टीला, असं तो कुजबुजला. बरोबर होतं, पण कुकरच्या शिट्टीला निम्मं जग भितं. पाठीवर तीळ कुठे आहे? तर म्हणाला, आई, मला माझी पाठ दिसत नाही. खऱ्या मुलाला नसती दिसली? मी शेवटचा प्रश्न टाकला, अंथरूण कोणत्या इयत्तेपर्यंत ओलं करायचास? आणि पलीकडून, अगदी जवळून, एका बाईचं खुदकन हसणं.

म्हणजे टोळीत बाईसुद्धा होती!

नंतर फोनवर एक जाडा, नम्र आवाज आला. म्हणाला, बाई, मी सोनार बोलतोय, फोन माझ्या दुकानातला आहे, आणि मुलगा तुमचाच असावा, फार घामाघूम झालाय. हा म्होरक्या. मी लगेच आवाजात मध घातला आणि त्याला दुकानाचा पत्ता विचारला. त्यानं वळण, समोरचं औषधाचं दुकान, दाराचा रंग, सगळं सांगितलं. चोर इतके बावळट असतात म्हणूनच सापडतात.

फोन ठेवून मी धाकट्याचा नंबर लावला. बंद. तेव्हा मात्र मी सगळं ओळखलं. पोराला धरून ठेवलंय, फोन काढून घेतलाय आणि बसून लुटतायत! सून म्हणाली, अहो आई, मला तर भावजींचाच आवाज वाटला, आणि त्यांच्या फोनची बॅटरी कधी जिवंत असते? मी तिला सांगितलं, तू भोळी आहेस, तुला भाजीवालासुद्धा कालची भाजी देतो. आधी बँकेला फोन लाव आणि कार्ड बंद कर. नंबर माझा, बँकेच्या ओळखीचा. त्यांनी कार्ड तिथल्या तिथे थांबवलं. मी पडद्याची पितळी दांडी उचलली, सुनेला पुढे घातलं आणि निघाले.

दार ढकलून आत शिरले तेव्हा पोरगं खुर्चीला बांधलेलं दिसेल अशी माझी तयारी होती. पोरगं मखमली खुर्चीवर बसून पाणी पीत होतं. शेजारी एक सडपातळ मुलगी, हात साबणाच्या पाण्यात. तिच्या बोटात अंगठी अडकलेली. कार्ड चालेना, अंगठी निघेना, आणि सोनार स्टूल घेऊन बरोबर दाराशी बसलेला.

"आई," धाकटा म्हणाला, "आधी दांडी खाली ठेव."

मी ठेवली नाही. अंगठी कोणाची म्हणून विचारलं, तर तो तोंड उघडायच्या आत ती मुलगीच बोलली. म्हणाली, काकू, यांच्या वहिनींसाठी आहे, त्यांचं बोट माझ्याएवढंच आहे ना, म्हणून मापाला मला आणलंय.

आम्ही सगळ्यांनी माझ्या सुनेकडे बघितलं. जाड कापड ओढून ओढून तिची बोटं अशी झालीयेत की ती अंगठी नखावरसुद्धा बसली नसती. पण बिचारी क्षणभर लाजली. भावजी, माझ्यासाठी? म्हणून विचारू लागली. मी म्हटलं, तुला अंगठी आणायला तुझा नवरा कुठे गेला? आणि धाकट्याकडे वळले. खरं बोल.

त्याचे कान लाल झाले. तो फरशीशी बोलला.

"अंगठी हिच्यासाठीच आहे. बोटात बसली की विचारणार होतो."

मला वाटलं, पोरगी आता हसेल, रडेल, काहीतरी करेल. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, हे मला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की ती त्याच्याकडे भिंगातून बघावं तशी बघतेय.

"वहिनींचं खोटं निघालं," ती म्हणाली. "फोनवर हळू का बोलता म्हणून विचारलं, तर आई अंथरुणाला खिळलीय म्हणालात. मग हे तरी खरं कशावरून?"

अंथरुणाला खिळलेली मी दांडी घेऊन उभी होते. तिनं पुन्हा हात पाण्यात घातला आणि अंगठी जोर लावून पिरगाळायला लागली. धाकट्याचा चेहरा बघवेना. घटकाभरापूर्वी ही मुलगी मला टोळीतली वाटत होती, आणि आता मनातल्या मनात मी त्या अंगठीला म्हणत होते, बाई, निघू नकोस.

सोनार म्हणाला, निदान कार्ड तरी सुरू करून घ्या, अंगठी निघाली नाही तर पैसे लागतीलच. सुनेनं माझ्या फोनवरून बँक लावली आणि आवाज मोठा केला. बँकेतली बाई म्हणाली, कार्ड सुरू होईल, पण सरांनी कार्ड घेताना एक प्रश्न आणि त्याचं उत्तर भरून दिलंय, ते उत्तर द्यावं लागेल. प्रश्न होता, तुमची जगातली सगळ्यात आवडती व्यक्ती कोण?

मी दांडी भिंतीला टेकवली. केस नीट केले.

धाकट्यानं आधी माझ्याकडे, मग दांडीकडे बघितलं. "आई."

"माफ करा सर, उत्तर चुकलंय."

मी म्हटलं, यांची लाइन खराब आहे. नीट सांग, मोठ्यानं.

"माझी आई," तो ओरडला.

"चुकलंय सर. आता शेवटची संधी आहे."

बँकेच्या त्या बाईला मी चार गोष्टी ऐकवणारच होते, पण सुनेनं मला दंडाला धरून मागे ओढलं. धाकट्यानं डोळे मिटून घेतले.

"चष्मेवाली," तो म्हणाला.

"धन्यवाद सर. कार्ड सुरू झालंय."

पाण्यातला हात थांबला. मुलीनं हळूच विचारलं, कार्ड घेतलं कधी? तो म्हणाला, उन्हाळ्याआधी. ती म्हणाली, तेव्हा तर तुम्ही नुसते चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला यायचात. यानं खाली मान घालून सांगितलं, काडी मी रोज घरी सैल करायचो.

तिनं हात बाहेर काढला, रुमालाला पुसला आणि सोनाराला म्हणाली, "राहू दे. आता नाही निघणार ती."

सोनार स्टुलावरून उठला. माझी सून रडायला लागली. ती पडदा नीट बसला तरी रडते. माझ्या फोनवर पुन्हा आकडे आले. मी ते पूर्ण दुकानाला ऐकू जातील असे खणखणीत वाचून दाखवले, आणि माझी होणारी सून धावत येऊन म्हणाली, काकू, हळू, हे कोणाला सांगायचे नसतात.

घरी हा सगळा प्रकार ऐकून मोठा म्हणतोय, आता मलाही एक कार्ड घ्यायचंय. म्हटलं, घे की. मी कशाला आडवी येऊ? फक्त तो प्रश्न भरशील तेव्हा मी शेजारी बसणार.