आबांचा टॅपेट

माझ्या वडिलांच्या छातीतले ठोके मागच्या मंगळवारपासून आमच्या गाडीच्या इंजिनात पडतात. गाडी बंद असली तरी बॉनेटला कान लावला की टकटक ऐकू येते. आबांच्या छातीत काही ऐकू येत नाही.

डॉ. मगदुमांनी आबांची दोन्ही मनगटं तपासली, मग स्टेथोस्कोप स्वतःच्या छातीला लावून तो बिघडलेला नसल्याची खात्री केली, बॉनेटवर टेकवून ठोके मोजले आणि दस्तगीर मिस्त्रींच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. ‘दर नववा ठोका चुकतो आहे. कृपया पाहावे. दुरुस्तीत ठोके अर्ध्या तासापेक्षा जास्त बंद ठेवू नयेत.’ खाली सही, शिक्का.

मिरजेच्या गॅरेजपर्यंत गाडी मी चालवली. शेजारी बसून आबा मला गियर कधी बदलायचा ते सांगत होते.

मिस्त्रींनी चिठ्ठी वाचून खिशात ठेवली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

“झडप ढकलतो त्यो टॅपेट ढिला झालाय. झडपेपाशी फट वाढलीया. वय किती?”

“शहात्तर.”

“गाडीचं इचारतोय.”

“एकोणीस.”

“मग हुतंय असं. कवर उघडून फट बसवायला धा मिनटं. तेवढा येळ ठोकं बंद ऱ्हातील.”

मी इंजिनाला कान लावून मोजलं. आता दर सातवा ठोका चुकत होता.

“लगेच उघडा,” मी म्हणालो.

“लगेच कसं?” आबा कडाडले. “गरम इंजिनाची फट कधी कुणी बसवलीय? दोन तास गार होऊ दे.”

मिस्त्रींनी मान डोलावली. मला दोघांचाही भयंकर राग आला, पण गाडी आबांची होती.

दोन तास आबा बाकड्यावर बसून पाटबंधारे खात्याच्या जुन्या जीपबद्दल बोलत राहिले. मध्येच त्यांना दम लागे, तेव्हा ते समोरच्या टायरकडे निरखून बघितल्यासारखं करत. मी मोजत होतो. सहावा. पाचवा.

अखेर कव्हर निघालं आणि टकटक थांबली. मी घड्याळ लावलं. मिस्त्रींनी फटीत पातळ पट्टी सरकवली, पाना फिरवला, पुन्हा पट्टी सरकवून बघितली. तेराव्या मिनिटाला त्यांनी कव्हर बसवून मला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन सुरू झालं. मी ते बंद केलं आणि कान लावला. काहीच नव्हतं.

“ऐका!” मिस्त्रींचा चेहरा फुलला होता. “आवाज म्हणून ठेवला न्हाई!”

मिस्त्रींनी खिशातून चिठ्ठी काढून परत वाचली.

“सवय हो,” ते हळूच म्हणाले. “लोक आवाज घालवायलाच येत्यात.”

“परत ढिला करा!”

त्यांनी पाना उचलला. आबांनी त्यांचा हात धरला.

“आत्ता चालवलं ना इंजिन? गरम झालं.”

“अर्धं मिनिट चाललंय, आबा!”

“गरम ते गरम. फट चुकली तर पुन्हा उघडत बसाल.”

मिस्त्रींनी इंजिनावर तळहात ठेवला. “पंधरा मिनटांत गार हुईल. ढिलं करायला दोन.”

डॉक्टरांच्या अर्ध्या तासातली सतराच मिनिटं उरली होती.

आबा बाकड्यावर टेकले आणि आणखी एक चहा सांगितला. मी बाकडं गाडीपाशी ओढलं, एक हात इंजिनावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

“घाबरलास काय रे?”

“हो.”

एरवी त्यांनी हात झटकला असता. आज तसाच राहू दिला.

इंजिन अजून कोमट होतं. आबांचं मनगटही.