गाडी ठीक आहे

"गळतं त्याला गळतं म्हण, झाकशील तर भिजेल अंगण."

हळूमामांची आई फुटक्या बादलीच्या बुडाला डांबर लावता लावता हे म्हणायची. आवाज जरासा घोगरा, शेवटचा शब्द लांबवलेला. आई गेली, बादली गेली, अंगणही गेलं. आवाज तेवढा मागे राहिला, आणि तो नेमका नको तिथे ऐकू यायचा: रोज सकाळी, पाणीपुरवठा खात्याच्या फाटकाशी.

या फाटकाची एक रीत होती. टँकर बाहेर पडण्याआधी फाटकवाला विचारायचा, "गाडी ठीक?" चालकाने म्हणायचं, "ठीक." मग फाटक उघडायचं. दुसरं उत्तर कुणी कधी दिल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं, आणि ते आलंच तर काय करायचं हे फाटकवाल्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. सर्वांना ठाऊक होतं ते इतकंच, की ठीक नसलेली गाडी बाहेर जात नाही, बाहेर न गेलेल्या गाडीचा चालक गैरहजर धरला जातो, आणि गैरहजर चालकाने गाडीविषयी बोलणं हा शिस्तभंग असतो.

हळूमामा टँकर इतका जपून चालवत की सायकलवाले त्यांना मागे टाकून वर हात हलवून जात. म्हणून हे नाव. गाडी म्हातारी होती. तिच्या पॉवर स्टेअरिंगच्या बॉक्समधून तेल गळायला लागलं, ते आधी थेंब थेंब, मग कण्हत्या माणसाच्या घामासारखं सलग. हातातलं स्टेअरिंगचं चाक जड झालं. हळूमामांनी गाडी कार्यशाळेत नेली. मिस्त्री खाली सरपटला, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"सील गेलंय मामा, आतला दांडाही खाल्लाय. सील बदलून भागायचं नाही, अख्खा बॉक्सच बदलायचा. पाइप सोडायचे, खालचा आर्म ओढून काढायचा, बोल्ट खोलून नवा चढवायचा, तेल भरून हवा काढायची. जेवायच्या सुट्टीआधी गाडी रस्त्यावर."

"मग कर ना बाबा."

"वरून सांगू दे. आणि हे बघा, मला कुणी विचारलं तर मी खाली वाकलोच नव्हतो. माझी कंबर धरलीय."

वर म्हणजे मोठ्या साहेबांकडे. मोठ्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: 'गळतीमुक्त खाते'. नळांची, टाक्यांची, छपरांची, सर्व प्रकारची गळती खात्यातून हद्दपार झाल्याचं मागच्याच वर्षी थाटात जाहीर झालं होतं.

"आपल्याकडे गळती नाही," साहेब म्हणाले.

"पण साहेब, खाली तेलाचं थारोळं..."

"तेल असेल. गळती नाही. त्याला आपण स्निग्ध बहिर्गमन म्हणू. पाहणी करू."

पाहणीपूर्वी गाडी स्वच्छ असावी असा नियम होता, म्हणून ती धुतली. पाहणीच्या वेळी सुरक्षिततेसाठी इंजिन बंद असावं असाही नियम होता, म्हणून ते बंद ठेवलं. गळती व्हायची ती इंजिन चालू असताना, दाब आल्यावर. पाहणी समिती धुतलेल्या, बंद गाडीभोवती चपलांचे आवाज करत फिरली, एका सदस्याने बॉक्सवर रुमाल टेकवला, रुमाल कोरडा निघाला. समितीने गाडीचं अभिनंदन केलं.

हळूमामा रोज स्टेअरिंगच्या तेलाच्या छोट्या टाकीत तेल ओतत राहिले. मग तेल जास्त का लागतं अशी विचारणा झाली आणि तेल बंद झालं. टाकी रिती झाली. ज्याच्यात काहीच उरलं नाही ते गळणार तरी काय? बॉक्स खडखडीत कोरडा झाला. साहेबांनी स्वतः खाली येऊन जमीन पाहिली.

"बघा! थांबली की नाही?"

"साहेब, आता चाक वळतच नाही. दगड झालाय नुसता."

"तो वेगळा विषय. एका वेळी एकच विषय घ्यावा."

वेगळ्या विषयाची उकल खात्याने तत्परतेने केली. चाक जड नसून चालक हलका आहे, असा निष्कर्ष निघाला. सर्व चालकांसाठी बाहुबळ शिबिर भरलं. डोकी पांढरी झालेली माणसं सकाळच्या उन्हात वाळूच्या पिशव्या उचलू लागली. त्यानेही चाक हलेना, तेव्हा 'सहवळक' हे नवं पद निघालं. त्यावर साहेबांच्या साडूंची नेमणूक झाली. त्यांनी शेजारी बसायचं आणि वळणावर चाक ओढायला हात लावायचा. ते बसत, पण त्यांना गाडीत बसताक्षणी झोप लागे. वळण आलं की हळूमामा एक पाय दाराला रोवून, दोन्ही हातांनी चाकाला लोंबकळत, आणि सहवळकाचं डोकं त्यांच्या खांद्यावर.

आणि एक वळण असं होतं की ते हळूमामांच्या स्वप्नात यायचं. उताराची वस्ती संपता संपता रस्ता उजवीकडे मोडायचा, आणि मोडायच्या ठिकाणी समोर भिंत. भिंतीपलीकडे बालवाडी. तिथे हळूमामांची लेक शिकवायची. भरल्या टँकरने उतरताना भिंतीआडून पोरांचं गाणं ऐकू यायचं, आणि मामा मनातल्या मनात चाकाला म्हणायचे, वळ गं बाई, वळ, लेकरं गातायत.

एके दिवशी चाक अर्ध्यावर अडलं. टँकर भिंतीला नाक लावून थांबला. चुना पडला, गाणं थांबलं, मग एकच रडारड. लेक बाहेर आली, बापाकडे पाहिलं. पोरांना मोजत आत गेली. सहवळक जागे झाले. "आलं का ऑफिस?" म्हणाले.

हळूमामा तडक भांडारात गेले. नवा बॉक्स आहे हे त्यांना माहीत होतं. तो कपाटात नव्हता; भांडारपालाने त्यांना वर नेऊन दाखवला. साहेबांच्या दालनात काचेच्या पेटीत, खाली मखमल, वर छोटा दिवा, आणि पितळी पाटी: 'आमची सज्जता'. पाहुणे आले की साहेब त्यांना तो दाखवत.

"हा माझ्या गाडीचा आहे," हळूमामा म्हणाले.

भांडारपालाला त्यांची दया आली. "मामा, समजून घ्या. एक नग कायम शिल्लक हवा, असा नियम आहे. हा दिला तर शिल्लक शून्य. उद्या कुणाच्या गाडीचा बॉक्स गेला तर मी काय देऊ?"

"अहो, माझ्या गाडीचा गेलाय ना!"

"तेच सांगतोय. अशी वेळ कधीही येऊ शकते. म्हणूनच शिल्लक ठेवावी लागते."

खातं मात्र हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. बालवाडीच्या भिंतीला बाहेरून जुने टायर बांधण्यात आले. मुलांना भिंतीपासून दूरच्या कोपऱ्यात बसवावं अशी सूचना गेली. टँकर येण्याच्या वेळी गाणी बंद ठेवावीत, चालकाचं लक्ष विचलित होतं, अशी दुसरी सूचना गेली. तिसऱ्या सूचनेत बालवाडीने वळणाला अडथळा केल्याबद्दल खुलासा मागवला होता. वस्तीतले लोक टायर बघून हरखले. "खातं काही करत नाही असं म्हणू नये," ते एकमेकांना म्हणाले, आणि आपापल्या रिकाम्या बादल्या घेऊन रांगेत उभे राहिले.

त्या दिवशी लेक घरी आली. बापाच्या सुजलेल्या मनगटाला गरम पाण्याचा शेक देताना म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज फाटकाशी काय सांगता हो?"

"ठीक."

"आणि आहे का?"

हळूमामांनी हात मागे घेतला. शेक पुरे झाला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेला टँकर फाटकाशी आला. मागे टँकरांची रांग. फाटकाबाहेर लोकांची ही गर्दी. मागच्या फेरीला पाणी आलं नव्हतं. गर्दीत लेकही होती, बालवाडीचा माठ कोरडा पडल्याने रिकामी घागर काखेत घेऊन.

"गाडी ठीक?" फाटकवाल्याने जांभई देत विचारलं.

हळूमामा समोरच्या फाटकाकडे बघत राहिले. चाकावर हात तसेच.

"मामा, ठीक ना?"

मागून हॉर्न सुरू झाले. "अरे म्हण की ठीक! झोपलास का?" मिस्त्री कार्यशाळेच्या दारातून हातवारे करत होता, कंबरेवर हात ठेवून. साहेब खिडकीत आले. त्यांच्यामागे काचेच्या पेटीतला दिवा मिणमिणत होता. सहवळकांनी एक डोळा उघडला. "म्हणून टाका हो, शब्दच तर आहे."

लेक गजांशी आली. खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, आजच्या दिवस म्हणा. पोरं तहानलीयत. उद्या बघू."

आणि मग फाटकाबाहेरून एकच गलका उठला, "ठीक म्हण! ठीक म्हण!" या गलक्यात आपण कुठे होतो, असं विचारू नये. सगळ्यात पुढे, बादली गजांवर आपटत, सगळ्यात मोठ्यांदा ओरडणारे आपणच होतो. आपल्यालाही कालच कुणीतरी विचारलं होतं, काय, सगळं ठीक? आपण काय म्हणालो होतो ते आपल्याला पाठ आहे.

हळूमामांनी लेकीकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं. इंजिन बंद केलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी चाकावरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. गलका थांबला. कुठूनतरी एक घोगरा आवाज आला, शेवटचा शब्द लांबवलेला. तो फक्त त्यांनाच ऐकू आला.

"गळतंय," हळूमामा म्हणाले.